आईचे पाय

कॅनी फाटा, केंटकी
१४ जुलै १९९७

प्रिय ॲनिका,

तुझं पत्र पोचलं. आम्ही बऱ्या आहोत, आईची साखर आटोक्यात आहे. तुमच्या घरीही सगळं ठीक असेल. तुम्ही मुलांनी दारापुढे बांधलेला लाकडी उतार पावसात हलला नाही. खालच्या टोकाला चिखल साचत होता, तिथे मी खडी टाकली. आता आईची चाकांची खुर्ची अंगणापर्यंत नेता येते. तुमच्या चर्चमधल्या सगळ्या मुलांना आमचे आभार सांग. पास्टर क्रेगनाही.

आईने तुझं पत्र मला वाचायला लावलं आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. तू पाठवलेला फोटो तिच्या उशाशी आहे. त्यात मी नाही. फोटो काढला तेव्हा मी भांडी घासत असेन.

तू विचारलं आहेस की शेवटच्या दिवशी मी तुझ्यावर का ओरडले. मी ओरडले नव्हते, माझा आवाज मोठा आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाईचा आवाज असाच होतो.

तुला आमच्याकडच्या रीती माहीत नव्हत्या, हे मला समजतं. पहिल्या दिवशी आईने मला घेवडा शिजवायला लावला, मक्याचा पाव भाजायला लावला. पास्टर क्रेग म्हणाले, मुलांनी डबे आणलेत, ज्यांच्या मदतीला आलो त्यांच्यावर भार नको. ते चांगल्या मनानेच म्हणाले. पण जो आमच्या घरचं खात नाही, त्याच्याकडून आम्हाला काही घेता येत नाही. आई मला हळूच म्हणाली, "त्यांना सांग, उतार नको. फळ्या परत घेऊन जा म्हणावं."

मी सांगायला बाहेर आले, तर तू पायरीवर बसून ताट मागत होतीस. ताकात पाव कुस्करून खाल्लास. आईने विचारलं, "हे कुणी शिकवलं गं तुला?" तू म्हणालीस, "तुम्ही असंच खाताय ना, आजी." झालं. त्यानंतर आठवडाभर तिला दुसरं कुणी दिसलं नाही.

तू रंगाचा ब्रश घेऊन तिच्या खुर्चीपाशी बसायचीस आणि ती बोलायची. तरुणपणी डोंगरापलीकडच्या चर्चमध्ये गायला ती एकटी चालत गेली होती, येताना कोळशाच्या ट्रकमधून आली, आणि ट्रक चालवणारा म्हणजे माझे वडील. हे तिने तुला हसत हसत सांगितलं. ऐकू यावं म्हणून मी स्वयंपाकघरातला नळ बंद केला. मी एकोणपन्नास वर्षांची आहे. मला तिने हे कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं, हे खरं. आमच्या घरात मी औषधाचं विचारते आणि ती जेवणाचं.

मग शुक्रवार. ज्या घरी काम केलं तिथल्या माणसांचे पाय तुम्ही निरोपाआधी धुता, हे पास्टरांनी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तू गुडघ्यावर बसलीस, आईचे पाय घमेल्यात घेतलेस, नीट धुतलेस. मी बघत होते. बोटांच्या मधली जागा तू कोरडी केली नाहीस. तिच्या दुखण्यात ती कोरडी करावी लागते, पण तुला कोण सांगणार? आई डोळे मिटून म्हणाली, "जीव निवला गं पोरी." मी रोज संध्याकाळी तेच पाय धुते. मला ती म्हणते, "पाणी कढत आहे."

तू उठलीस. कुणीतरी गिटार वाजवायला लागलं. आईने हात पुढे केला आणि म्हणाली, "आता तू बस." तू हसून म्हणालीस, "नाही हं आजी, आज तुमचा दिवस." पास्टर म्हणाले, त्यांना दगदग नको.

आईचा चेहरा तुला दिसला नाही. मला दिसला. आमच्या चर्चमध्ये जी पाय धुते, तिने आपलेही धुवून घ्यायचे असतात. नाही म्हणणं म्हणजे, माझ्या मनात तुझ्याविषयी काहीतरी आहे, असं चारचौघांत सांगणं. त्यावरून इथे बहिणी-बहिणींचं बोलणं तुटलेलं आहे. म्हणून मी म्हणाले, "बस खाली." तेवढंच म्हणाले.

पण तू विचारलंच आहेस, तर सांगते. मी रागावले होते. ते तू नाही म्हणालीस म्हणून नव्हे. तू नाही म्हणालीस तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं होतं.

आईला खुर्चीतून गुडघ्यांवर उतरवायला काखेत हात घालून मीच धरलं होतं. तिचं वजन माझ्या हातांवर होतं आणि तिचे हात तुझ्या पायांवर. ती रडली आणि तुला 'बहीण' म्हणाली. तुला तो शब्द गोड वाटला असेल. आमच्यात तो फक्त बाप्तिस्मा घेतलेल्या बाईला म्हणतात. आतून देवाची हाक आल्याशिवाय आमच्यात कुणी बाप्तिस्म्यासाठी ओढ्यात उतरत नाही. मला ती हाक आली नाही, आणि आली असं खोटं मी सांगणार नाही. म्हणून आईने माझे पाय कधी धुतलेले नाहीत. यात तिची चूक नाही. माझीही नाही.

घमेल्यातलं पाणी मी ओतलं. संध्याकाळी नेहमीसारखं पाणी तापवून आणलं, तर ती म्हणाली, "आज राहू दे. धुतलेत." चर्चच्या सभेत पाय धुतले तरी घरी येऊन ती ते माझ्याकडून धुवून घ्यायची. चर्चचं वेगळं, घरचं वेगळं, असं म्हणायची. त्या दिवशी म्हणाली नाही.

आता आईचा निरोप. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आमची पाय धुण्याची सभा असते. तिला वाटतं तू यावंस आणि तिची जोडीदार व्हावंस. हे होणार नाही. चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या बाकांपुढे कठडा असतो, बाहेरच्या माणसाला त्याच्या आत घेत नाहीत. तिला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तरी ती आमच्या चर्चच्या ब्रदर एल्झींना विचारणार आहे, आणि ते नाही म्हणतील. हा निरोप न लिहिताच पाकीट बंद करावं असं मनात आलं होतं. तिची नजर अधू झाली आहे, तिला कळलं नसतं.

ये. कठड्याबाहेर मागचा बाक असतो, मी तिथे बसते. तूही बस. आपल्या दोघींसमोर दुसरी कुणीतरी तिचे पाय धुईल.

पण त्या संध्याकाळी घरी पाणी मी तापवणार आहे. त्याला हात लावू नकोस.

डेल्फियाची मुलगी,
ओर्लीना