दोन पिशव्या आणि तिसरा स्टार

उजव्या हातातली पिशवी फाटली आणि तुम्ही पाठवलेले कांदे लष्करी दवाखान्याच्या फाटकापासून तुमच्या मुलीच्या बुटांपर्यंत घरंगळत गेले. आमच्या ललितचा उजवा हात मोकळा झाला. तो गणवेशात, तेजल गणवेशात. त्यानं सलाम ठोकायला हवा होता. तो खाली बसून कांदे वेचू लागला.

नवनाथराव, जय भीम. आमच्या विहीणबाईंचा गुडघा आता कसा आहे? इकडे ललितची आई, भिमाबाई, ठीक. मी संतापलेला आहे.

लग्न ठरवताना मुलगा तोफखान्यात हवालदार, मुलगी फौजेत नर्स, एवढंच आपण पाहिलं. फौजेतली नर्स अधिकारी असते, हे मंडपात कोणी बोललं नाही. (मी सतरा वर्षं फौजेत काढली, मला बोलता आलं असतं. पण मी पंगतीच्या मागे होतो.) घरी तो तिची वेणी घालतो, हे भिमाबाईनं स्वतः पाहिलं आहे. फाटकाच्या आत मात्र ती मॅडम. तिच्या मेसमध्ये त्याला जाता येत नाही, आणि ती त्याच्या लंगरात डोकावली की पन्नास जवान ताट सोडून उभे राहतात. म्हणून दोघं विहितगावात भाड्यानं राहतात. आता सलामाचं. दोन्ही हात सामानानं भरलेले असतील तर सलाम नाही, अधिकाऱ्याकडे नुसती मान वळवायची, असा नियम आहे. या एका नियमावर तुमचा जावई दोन वर्षं हमालासारखा फिरतो आहे. त्याचे सुभेदार विचारतात, हवालदारसाहेब, मंडईत गाळा घेतला काय?

उद्या अकराला तेजल कॅप्टन होते. तिसरा स्टार एका खांद्यावर मोठे साहेब लावतात, दुसऱ्यावर घरचं माणूस. ललितच लावेल, असं तिनं सांगून टाकलं. पण स्टार लावायला हात मोकळे लागतात, आणि लावून झाला की पहिला सलाम त्याचाच. सगळ्या साहेबांसमोर. माझ्यासमोर. ललित म्हणाला, मला ड्यूटी आहे. (नाही.) चार दिवस घरात अबोला. अशात आज ती पिशवी फाटली. तेजलही खाली बसली. पहारेकरी आकाशाकडे पाहू लागला. मी स्कूटरपाशी होतो, मला सगळं ऐकू आलं.

"वर कांदे आणि खाली वर्तमानपत्रं," ती म्हणाली. "मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे."

ललितनं तिच्या बुटाजवळचा कांदा उचलला.

"सलाम मी कधी मागितला? उद्या एक मिनिट हात मोकळे असलेला नवरा पाहिजे. नाही आलास तर तो खांदा तसाच राहू दे."

फाटकावर, नवऱ्याला, असं. तुम्ही मुलीला शिकवलंत ते चांगलंच केलंत, पण थोडं कमी शिकवायचं होतं.

आपला,
सावळीराम

ता.क. फोनवर हे बोलता येत नाही, भिमाबाई ऐकते आणि हसते. म्हणून संध्याकाळच्या जीपवाल्याकडे पत्र देतो. नामपूरहून पहाटेची पहिली एसटी धरा. तो स्टार तुम्ही लावा. मुलीचा बाप म्हणजे घरचंच माणूस. माझा मुलगा सुटेल.

ता.क. दुसरा. पिशव्यांची युक्ती त्याला मी सांगितली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी. थट्टेत, असं मी भिमाबाईला सांगतो.

ता.क. तिसरा, दुसऱ्या दिवशी. जीप चुकली, पत्र खिशातच राहिलं. अकरा वाजायला पाच मिनिटं असताना ललित आला, दोन्ही पिशव्या घेऊन. उजवी शिवलेली होती. दोन्ही त्यानं माझ्या हातात दिल्या. तेजलच्या खांद्यावर स्टार लावला, मागे सरकला आणि सलाम ठोकला. तिनं तो घेतला. मग ती माझ्याकडे आली. माझे दोन्ही हात भरलेले होते. मी तिच्याकडे मान वळवली.