सोमवारची हजेरी

३ फेब्रुवारी, सोमवार
नोकरी लागली आणि खोलीही मिळाली, तीही आवारातच! खिडकीतून माझं टेबल दिसतं, त्यामुळे माझ्या लेकीला, चिमीला, शेजारणीच्या गळ्यात घालायला नको. फाटकावर लिहिलंय, जबाबदार पुनर्वापर केंद्र. काम सोपं: जुन्या कॉम्प्युटरचे बोर्ड तव्यावर तापवायचे, जोडाचा शिशाचा डाख वितळला की चिमट्याने भाग उचलायचे. तव्याशी तर माझी जन्माची ओळख! शेजारच्या मावशी शिकवतात. हजेरी मात्र गमतीची. दर सोमवारी हात समोर ताणून पंजे उभे करायचे, कुणाला थांब म्हणतो तसे. मुकादम बघतो आणि नाव लिहितो. चिमीला करून दाखवलं, तिला खेळच सापडला.

१० मार्च, सोमवार
केंद्र बघायला पाहुणे आले म्हणून मास्क आणि हातमोजे वाटले. गाड्या गेल्या तसे परत घेतले. मावशी म्हणाल्या, नव्याचे नऊ दिवस ऐकले होते, इथे तासभरही नाही. घरी आले की चिमी माझ्या ओढणीत तोंड खुपसते. गालाला राखाडी भुकटी लागते, मी पुसून टाकते.

१४ एप्रिल, सोमवार
मावशींचा उजवा पंजा उभा राहिला नाही. मनगटातून लोंबत राहिला. त्यांनी हसून डाव्या हाताने वर धरला. मुकादमाने त्यांना मागच्या शेडमध्ये हलकं काम दिलं. सुटल्या बिचाऱ्या, असं वाटलं.

९ जून, सोमवार
मावशींना डबा द्यायला शेडमध्ये गेले. हलकं काम! दार लावून वायरी जाळतात. सगळ्यांचे पंजे लोंबते. मनगटांना गज बांधलेत, त्यांनी जाळ ढवळतात. मुकादम म्हणाला, यांचं आता काय बिघडायचं राहिलंय? मावशींनी मला ओळखलं नाही. फार भीती वाटते.

७ जुलै, सोमवार
चिमीचं पोट दुखतं. येत होते ते शब्द विसरते. डॉक्टर म्हणाले, शिशाचं विष, त्यानेच पंजे लोंबतात. तुमच्या कपड्यांवरून तिच्या पोटात गेलंय. म्हणजे मीच — माझ्या ओढणीतून —
इथून निघा म्हणाले. घरच्यांनी दार केव्हाच लावलंय. तरी निघायचं.

१३ जुलै, रविवार
बोचकं बांधलं. फाटकाला कुलूप. पहारेकरी म्हणतो, मुकादमाच्या चिठ्ठीशिवाय आतलं काही बाहेर जात नाही.

१४ जुलै, सोमवार
माझे पंजे उभे राहिले. राहिले!
चिमी खिडकीत आमचाच खेळ खेळत होती. उजवा हात — तिने डाव्याने वर धरला, हसून —
मुकादमाने पाहिलं. वहीत लिहिलं.
ती चार वर्षांची आहे, म्हटलं मी. तो म्हणाला, तिचं आता काय —
गज घेऊन दारात आलाय. चिमीने खेळ समजून हात पुढे —