बरणीतली मंडळी

प्रिय भिंगरे,

तुझी बरणी ठणठणीत आहे. पहिल्या ओळीतच सांगून टाकतो, म्हणजे तू पुढचं पत्र शांतपणे बसून वाचशील. स्वयंपाकघराच्या खिडकीत ती ऐटीत बसली आहे. खाली चिखल, वर पाणी, बाहेर दोन वायरी, आणि तो इवलासा लाल दिवा मिनिटाला एकदा डोळा मारतो. तुझी मामी म्हणते, एवढ्या वर्षांत या घरात मला डोळा मारणारं हे पहिलंच!

तू तुझ्या प्रयोगाची ही बरणी हातात दिलीस तेव्हा मी मनातल्या मनात हसलो होतो. एकतीस वर्षं लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचले मी. कुत्री मागे लागली, दारं तोंडावर आपटली, पण एकही आकडा अंदाजाने टाकला नाही. आणि निवृत्त झाल्यावर चिखलाचा मीटर वाचायचा? तू मात्र जमिनीवर मांडी घालून समजावलंस, की तळ्याच्या गाळात हवा पोचत नाही, म्हणून तिथले काही जिवाणू खाल्ल्या अन्नातली वीज अंगाबाहेर टाकतात. आपण ती फक्त तारेवर झेलायची. मी विचारलं, यावर पंखा फिरेल का? "मामा, डासाचासुद्धा फिरणार नाही," असं म्हणालीस. पण पुढे कधीतरी समुद्राच्या तळाशी ठेवलेली छोटी यंत्रं अशा गाळावर चालतील, सांडपाणी साफ होता होता थोडी वीज देईल, हे सांगताना तुझा चेहरा असा उजळला, की मी मुकाट्याने वही घेऊन कामाला लागलो. रोज सकाळ-संध्याकाळ आठच्या ठोक्याला वायरींना तू दिलेला छोटा मीटर लावायचा, आकडा वहीत लिहायचा आणि आठवड्याला तुला कळवायचा. मामीचं म्हणणं, माझी तब्येत तुम्ही कधी इतक्या वेळेवर विचारली नाहीत.

मग गेल्या महिन्यातला तो मंगळवार उजाडला. दिवा मला जरा मंद वाटला. आता माझ्यातला मीटरवाला गप्प बसतो होय? कनेक्शन लूज असणार, असं ठरवून चष्म्याशिवायच वायर हलवायला गेलो आणि कोपर लागलं. बरणी फुटली नाही, नुसती आडवी झाली. चिखल मात्र ओट्यावरून थेट मोरीत. मी "अगं, थांब!" म्हणेपर्यंत मामीने बादलीभर पाणी आणि वर अर्धी बाटली फिनाईल ओतलं होतं. तुझी सगळी मंडळी गेली गं. चमचाभरसुद्धा उरली नाहीत.

त्या गाळासाठी तू तळ्यात कमरेपर्यंत उतरली होतीस. तुला कोणत्या तोंडाने सांगणार होतो? लॉन्ड्रीमागच्या नाल्यावर गेलो आणि वाकून बरणी भरली. लॉन्ड्रीवाल्याने विचारलं, "काका, काही हरवलं का?" म्हटलं, "हो बाबा, अब्रू." त्यानंतर नऊ दिवस दिवा मेल्यासारखा पडून होता. आणि त्या नऊही दिवसांत, भिंगरे, मी वहीत मनाचे आकडे लिहिले. मी! दहाव्या दिवशी दिवा लागला. आकडा पहिल्यापेक्षा अडीचपट.

परवा तू फोनवर ओरडलीस, "मामा, तुझ्या घरी माझे जिवाणू बहरलेत!" शुक्रवारी सगळ्या मोठ्या सरांसमोर तू हेच मांडणार आहेस म्हणे. तेव्हापासून मी तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा तुझ्या सर्दीची चौकशी करून ठेवून दिला. म्हणून हे पत्र. बहरलेत ते तुझे नाहीत, नाल्यातले आहेत. चारचौघांत उभी राहून तू खोटं बोलावंस, तेही नकळत आणि माझ्यामुळे, हे मला झेपणार नाही. बुधवारच्या बसने बरणी मांडीवर घेऊन येतोय. तुझ्या सरांना मीच सांगेन. तू हवं तेवढं रागाव. फक्त एवढं सांगतो, निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही सांभाळायला दिलं नव्हतं, ते तू दिलंस. पुन्हा देशील का, हे विचारायचा धीर मला होणार नाही, म्हणून मामीलाही सोबत आणतोय. ती विचारेल.

तुझाच,
मीटरवाला मामा