हजार झोके

५ मे १९८६

यांच्या वह्या गेल्या! तेराही. शेजारची सुलक्षणा पवईला घेऊन गेली, तिच्या संस्थेत. तिथल्या कॉम्प्युटरला म्हणे कृत्रिम बुद्धी दिली आहे — नुसत्या आकड्यांतून निसर्गाचा नियम आपला आपण शोधतो. त्याला खरी, हातानं घेतलेली मापं हवीत. "काकू, काकांची आहेत ना?"

आहेत. आढ्याला पितळी तार, खाली शिशाचा गोळा. रोज सकाळी कामावर जायच्या आधी हजार झोके, स्टॉपवॉच लावून. मरोळच्या कारखान्यात फिटर, पण डोक्यात एकच — पृथ्वीची ओढ वर्षागणिक कमी होते आहे. तसं असेल तर झोक्यांना वेळ जास्त लागत जाणार. "म्हातारी जाली गो जानक्ये पृथ्वी. आमका सैल धरूक लागली." चाळ हसायची. मी चहा देताना विचारायचे, "आज काय म्हणते म्हातारी?" वेळ वाढली म्हणाले की मी टाळ्या पिटायचे. कमी झाली की दोघंही गप्प.

७ मे

गोळा तसाच लटकतो आहे. हे गेल्यापासून कुणी हात लावला नाही. पंख्याच्या वाऱ्यानं जरासा डुलतो. दुपारभर पाहत पडले. मग वाटलं, तो स्थिर आहे आणि खोलीच डुलते आहे, माझ्यासकट.

१४ मे

सुलक्षणा जिना धावत चढून आली. "काकू, झकास! नियम सापडला! शेवटच्या वर्षांत वेळ वाढतच गेलीय, सरळ रेषेत! सोमवारी सरांना दाखवते. काकांचं नाव घालणार हं!"

मी हसले. बशीत चहा सांडला.

१५ मे

लिहून टाकते. ऐंशीच्या दसऱ्याला हे म्हणाले, काटा दिसत नाही, तू वाच, तू लिही. ते गोळा सोडायचे, मी वाचायचे — आणि रोज कालच्याहून केसभर वाढवून सांगायचे, तेच लिहायचे. चेहरा उजळायचा म्हणून. ते जाईपर्यंत, दोन वर्षं.

म्हणजे कॉम्प्युटरला सापडली ती माझी लबाडी!

गप्प बसले तर यांचं नाव होईल. पण सेकंदाच्या दहाव्या भागाला जपणारा माणूस. खोट्यावर त्याचं नाव?

१६ मे

सुलक्षणाला सांगितलं. "वाट लागली ना काकू!" मग माझा हात धरून — "थांबा. दसऱ्यानंतरचं सगळं काढून टाकते. पुन्हा विचारू त्याला."

२० मे

नियम साधाच निघाला. उन्हाळ्यात पत्रे तापतात, तार लांबते, वेळ वाढते. थंडीत कमी. दर वर्षी तेच. पृथ्वी जशी होती तशीच धरून आहे.

वाईट वाटलं? थोडं. पण या पत्र्यांखाली आम्ही काढलेले उन्हाळे त्या यंत्रानं ओळखले, कुणी न सांगता! डोळे मिटले तर अजून झोके मोजल्याचा आवाज येतो — नऊशे अठ्ठ्याण्णव, नऊशे नव्व्याण्णव...

२१ मे

सुलक्षणा दारातूनच म्हणाली, "काकू, एक उन्हाळा कमी भरतोय. ऐंशीचा. त्या होळीपासून आकडे नुसते हळूहळू वाढत जातात, उन्हापावसाचा पत्ताच नाही. आणि अक्षर तर काकांचं आहे."

होळी. दसऱ्याला सात महिने होते. म्हणजे काटा तेव्हापासूनच दिसत नव्हता; आकडे मनानंच वाढवून लिहीत होते.

आणि मी रोज चहा देताना विचारत होते.