खुनी प्रस्तावनेतच

ती. ताईस,

तुझ्या दोन भावांपैकी जरा जास्त समंजस असलेल्याचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला थांबला का? इथे सगळं ठीक आहे, म्हणजे तू पाठवलेलं पुस्तक येईपर्यंत होतं.

पार्सल हातात घेतल्यावर वाटलं, ताईने वीट पाठवली. उघडलं तर आपल्या त्या टीव्हीवरच्या, हॉटेलातल्या खुनांच्या मालिकेवरून बेतलेल्या खेळाचे नियम! टेबलाभोवती बसायचं, एकेकाने मालिकेतलं एकेक पात्र व्हायचं, त्याच्यासारखं बोलायचं आणि अडलं की फासे टाकायचे. एवढं सांगायला लेखकमंडळींनी अख्खा ग्रंथ पाडलाय. दारामागून चोरून ऐकण्याचे नियमच पानंच्या पानं. (आपल्या आत्याने ही विद्या फाशांशिवाय आत्मसात केली होती.) अक्षर इतकं बारीक की एखाद्या चष्मेवाल्यानेच छापून घेतलं असावं. मी स्वतः चष्मे विकत असून मला हे सुचलं नाही, याचं वाईट वाटतं. पहिल्या प्रकरणात आश्वासन, की मालिका पाहिली नसली तरी बिघडत नाही. आणि त्याआधी प्रस्तावनेतच सांगून मोकळे, की खुनी आचारी होता!

ताई, तुला ठाऊकच आहे, याच एका वाक्यापायी मी धाकट्याशी बोलणं टाकलं. शेवटचा भाग मी दुसऱ्या दिवशी बघणार होतो आणि हा पठ्ठ्या आदल्या दिवशीच जिन्यातून ओरडला. तेव्हापासून तो दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासतो, मी पुढे गिऱ्हाईक बघतो आणि आमचं बोलणं गिऱ्हाइकांमार्फत चालतं. परवा एक बाई डॉक्टरकडून डोळ्यांत थेंब घालून भिंती चाचपडत आल्या. त्यांनाच मी 'काच झाली का' विचारायला मागे पाठवलं. त्या कपाटाशी बोलून परत आल्या.

तर या खेळाला निदान तिघं लागतात. मी, ही, आणि तिसरं कोण? गेल्या रविवारी हिने वरच्या मजल्यावर जाऊन धाकट्याला बोलावून आणलं. ही सूत्रधार झाली (घरात तशीही आहेच), मला इन्स्पेक्टर केलं आणि धाकट्याला आचारी. नियम असा, की इन्स्पेक्टरने आचाऱ्याची चौकशी केलीच पाहिजे. माझा नाइलाज झाला. मी विचारलं, "खून झाला तेव्हा कुठे होतास?" तो सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, "सूप ढवळत होतो, साहेब. तुम्ही जेवलात का?" इतक्या महिन्यांनी त्याचा आवाज मधल्या माणसाशिवाय ऐकला. चौकशी सोडून मी उगाच झडती घ्यायला निघालो, तर फासा एकावर पडला आणि इन्स्पेक्टरसाहेब बर्फाच्या खोलीत कोंडले गेले. किल्ली आचाऱ्याकडे. पण त्याने दार उघडलं तर किल्ली त्याच्याकडे असल्याचं फुटणार, म्हणजे त्याची धडगत नाही. ही मिटक्या मारत फासे पुढे करत होती. धाकट्याने ते बाजूला सारले. "दार उघडा, वहिनी," तो म्हणाला, "त्याला लगेच सर्दी होते."

मला फार बरं वाटलं, ताई. त्याचं श्रेय मात्र पुस्तकाला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात पुन्हा आपलं गिऱ्हाइकांमार्फत सुरू. तेव्हा पुस्तक टाकाऊ आहे, हे माझं स्पष्ट मत. असली भेट पुन्हा पाठवू नकोस.

तुझा,
पुढच्या काउंटरवरचा भाऊ

ता. क. पुढच्या बैठकीत आचाऱ्याला अटक होऊन खेळ संपतो. मग तो खाली कशाला येईल? अटक टाळायचा काही मार्ग निघतो का बघ. पुस्तकाचा दुसरा भाग निघाला असेल तर पाठव, पण तो मी मागितला असं वरच्या मजल्यावर कळता कामा नये.

आणखी ता. क. गोंद मागच्या खोलीत आहे आणि आज नेमकं एकही गिऱ्हाईक नाही. पाकीट चष्म्यांच्या ट्रेमध्ये ठेवून आत सरकवतो. चिकटवील तो. दुसऱ्यांची पत्रं वाचायची सवय त्याला नाही.

ताई, मी धाकटा. गोंद लावता लावता वाचलं. दुसरा भाग पाठवू नकोस, मी सोमवारीच मागवला. काल आला, वाचूनही झाला. शेवट जबरदस्त आहे. दादाला सांग, या वेळी जिन्यातून ओरडणार नाही.