शुक्रवारची फळी

आई,

तुझ्या हातात मी पहिल्यांदा भाला पाहिला तो शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका गोदामात, शुक्रवारी सकाळी. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं असावीत. मी नुकतीच एका शिपिंग कंपनीत रिसेप्शनला लागले होते आणि आपल्या घरातलं मला माहीत नाही असं काही उरलेलं नाही, अशी माझी समजूत होती. बाबांच्या कंपनीतला गोरा इंजिनिअर सुट्टीच्या दिवशी मित्रांना जमवून तिथे मध्ययुगातल्या लढाया खेळायचा. जाड कोट, हेल्मेट, लाकडाची हत्यारं, समोरासमोर दोन फळ्या. अंगाला हत्यार लागलं की त्या माणसाने मेलो म्हणून खाली बसायचं. साहेब एवढं बोलावतोय तर जाऊ या, म्हणून बाबांनी आपल्याला अजमानहून गाडीत घालून आणलं होतं. तू बटाटेवड्यांचा डबा मांडीवर घेऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलीस. भिंतीशी ढाली होत्या, कुऱ्हाडी होत्या, लांब बांबू होते, पण जो तो तलवारच उचलत होता. तू हसलीस, जरा मोठ्यानेच. इंजिनिअर वळून म्हणाला, "मॅडम, समथिंग फनी?" तू तुझ्या हिंदीत म्हणालीस, "सब के पास तलवार. सामने एक लंबा बांबू आयेगा तो सब खलास." त्याने चेष्टेने एक बांबू तुझ्यापुढे धरला. तू डबा बाबांच्या हातात दिलास आणि ओढणी कमरेला बांधलीस. पुढचं मी आजही जसंच्या तसं बघते आहे. तुझा पुढचा हात बांबूला नुसता वळण देतो आहे, मागचा हात ढकलतो आहे, आणि रबर लावलेलं ते टोक एकेकाच्या छातीला टेकून परत येतं आहे. तिघे खाली बसले. बाबा डबा धरून उभेच होते.

परतताना गाडीत तू सांगितलंस की कोल्हापुरात तुझे मामा आखाड्यात वस्ताद होते, लहानपणी लाठी, भाला, दांडपट्टा सगळं शिकवलं त्यांनी. लग्न ठरलं आणि ते बंद झालं. बाबा म्हणाले, "इतक्या वर्षांत एकदाही बोलली नाहीस." तू म्हणालीस, "तुम्ही विचारलं कुठे?"

पुढच्या शुक्रवारी तू स्वतः म्हणालीस, जायचं का. मग तू जुनी गोधडी उसवून तिचा कोट शिवलास. गुलाबी फुलांचा, कारण दुसरी गोधडी चांगली होती. बाबांना ते अवघड गेलं. इथल्या मराठी मंडळातली माणसं काय म्हणतील, हे त्यांनी वेगवेगळ्या तऱ्हेने विचारून पाहिलं. तू पोळ्या लाटता लाटता म्हणालीस, "हळदीकुंकवाला मी जातेच, गणपतीत मोदक मीच करते. एवढा शुक्रवार माझा." तुझ्या बोलण्यात भांडण नव्हतं, पण त्यात पुन्हा विचारायला जागाही नव्हती. मी तुझ्याबरोबर यायला लागले ते तुझ्या काळजीने, असं मी ऑफिसात सांगायचे. खरं तर दिवसभर एसीत बसून फोन उचलणाऱ्या मला त्या गोदामातला घाम आवडायला लागला होता.

काही महिन्यांतच इंजिनिअरने फळी लावायचं काम तुझ्यावर सोडलं. कुणाला कुठलं हत्यार द्यायचं हे तू उंचीवरून किंवा ताकदीवरून ठरवत नव्हतीस. आधी नुसतं अंगावर धावून जायचीस आणि समोरचा घाबरला की काय करतो ते बघायचीस. मागे सरकणाऱ्याला भाला, कारण त्याला लांबूनच काम करायचं असतं. पुढे उसळणाऱ्याला तलवार, पण टोकाला, म्हणजे तो धावत सुटला तरी मधली फळी फुटत नाही. मला तू ढाल दिलीस, मधोमध. मला वाटलं मी जाडी म्हणून. स्वयंपाकघरात रागारागाने विचारलं तर तू भाजी परतत म्हणालीस, "तू घाबरलीस की थिजतेस. लहानपणापासून. थिजणारं माणूस ढालीला चांगलं, जागा सोडत नाही." मला इतकं लागलं की मी म्हणाले, "आई, इट्स ओन्ली अ गेम." तू गॅस बंद केलास. "खेळ आहे म्हणूनच नीट खेळायचा," म्हणालीस. "खऱ्यात चुकून शिकायला कोण देतं?" आणि मग ताटं घेतलीस. दोघी समोरासमोर जेवलो. आज माझ्या लक्षात येतं की माझ्याबद्दल इतकं खरं दुसरं कुणी कधी बोललेलं नाही.

तू स्वतः भालाच घ्यायचीस, माझ्या मागे, माझ्या उजव्या खांद्यावरून. तुझा श्वास मला मानेवर लागायचा. तुझ्या शेजारी एका हॉस्पिटलातली मल्याळी नर्स असायची, तिच्याकडेही भाला. ती तुला चेची म्हणायची, म्हणजे ताई. ढाल फक्त अडवायला, मारायचं काम मागच्यांचं. "तू समोरच्याचं हत्यार वर धर, बाकी आम्ही बघतो." आम्ही जिंकायला लागलो. गोऱ्यांकडून पाठीवर थापा, वड्यांचा डबा रिकामा, परतताना गाडीत तुझं गुणगुणणं. ती दोन-अडीच वर्षंच होती, आई. मला ती फार मोठी वाटतात.

मग एका शुक्रवारी तू भाल्याला हात लावला नाहीस. म्हणालीस, लांब हत्याराचा कंटाळा आला, मी पण ढाल घेते, मधे दोन ढाली असल्या की फळी घट्ट होते. ढाल डाव्या हाताला पट्ट्याने बांधलेली आणि उजव्या हातात आखूड सोटा, तोही मनगटाला दोरीने अडकवलेला. आम्ही म्हटलं, ही नवी युक्ती. खरंच फळी घट्ट झाली. पुढच्या हिवाळ्यात तू ढालही सोडलीस आणि सोटाही. निशाण पाहिजे म्हणालीस. गर्दीत हेल्मेटमधून कुणाला काही दिसत नाही, पांगलेल्यांना परत कुठे यायचं ते कळलं पाहिजे. एका जाड काठीला तू लाल कापड शिवलंस आणि ती काठी दोन्ही हातांनी धरून मधोमध उभी राहून ओरडायला लागलीस, "यल्ला, चला, डावीकडे! मागे, मागे!" मराठी, हिंदी, अरबी सगळं एकत्र, आणि सगळ्यांना सगळं कळायचं. इंजिनिअर म्हणायचा, मॅडम जीनियस आहे. मीही म्हणायचे.

एकट्या नर्सने तुझी युक्ती बघितली नाही, तुझा हात बघितला. चहाच्या वेळी तिने मला बाजूला घेतलं. "तेरी मम्मी लकड़ी पकड़ती नहीं, लकड़ी उसको पकड़ती है," ती म्हणाली. "राइट हैंड देख. चलते टाइम हिलता भी नहीं. न्यूरो को दिखाओ." मी लांबून तुझ्याकडे पाहिलं. तू निशाणाला टेकून उभी होतीस, उजवा हात मांडीशी, आणि अंगठा बोटांवर एकसारखा फिरत होता, अक्षता मोजल्यासारखा. ते मी कितीतरी दिवस बघत होते.

डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितलं. बाबा गाडीत बसल्यावर म्हणाले, "तुला कधीपासून जाणवत होतं?" तू म्हणालीस, "भाला जड झाला तेव्हापासून." म्हणजे दोन वर्षं. पोळ्या करताना, बटणं लावताना, आमच्यासमोर वावरताना तू दोन वर्षं एकटीने जागा बदलत होतीस, आणि प्रत्येक वेळी आम्हाला सांगण्यासारखं कारण तयार ठेवत होतीस. ती कारणं खोटी नव्हती. त्या युक्त्यांनी आम्ही जिंकत होतो. म्हणून तर कुणी विचारलं नाही.

औषधांनी थोडं बरं वाटलं आणि तू हिवाळ्यातल्या सामन्याला जायचंच म्हणालीस. अबूधाबीहून दुसरा गट यायचा, तिथल्या मुसफ्फा या औद्योगिक भागातल्या वर्कशॉपमध्ये काम करणारी तगडी माणसं, आणि शारजाबाहेर वाळूत दिवसभर खेळ चालायचा. नियम असा की ज्याचं निशाण पडलं तो हरला. निशाणवाल्याला मारता येतं, त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही. बाबा नको म्हणत होते. तू त्यांना म्हणालीस, "अहो, उभं तर राहायचंय." तो गुलाबी कोट तुला घालायला मी मदत केली. आत तू किती उरली होतीस ते तेव्हा कळलं.

आमची डावी बाजू लवकर फुटली. इंजिनिअर बसला, नर्स बसली, तलवारवाले केव्हाच बसले होते. उरले मी आणि माझ्यामागे तू. समोरून चौघे आले. मी ढाल धरून थिजले, तू सांगितलं होतंस तशी, जागा सोडली नाही. एकाने माझ्या खांद्याला भाला टेकवला आणि मी खाली बसले. आता तुझ्यासमोर कुणीच नव्हतं. दोन पावलांवर ते थांबले. तुझा हात त्यांना दिसत होता. निशाणाचं कापड वाऱ्याशिवाय हलत होतं. त्यातल्या पुढच्याने तलवार खाली केली, दुसऱ्याने हेल्मेट काढलं. एकजण म्हणाला, "इट्स ओके, मॅडम. यू विन." आणि बसलेली माणसं टाळ्या वाजवायला लागली, आपलीसुद्धा.

"मारो," तू म्हणालीस. तुझा आवाज तोवर बारीक झाला होता, त्यांना ऐकू गेलं नसेल. तू पुन्हा म्हणालीस, "मारो ना. क्यों नहीं मारते?" टाळ्या चालूच. मी खाली बसल्या बसल्या तुझ्या तोंडाकडे बघते आहे. इतका अपमान झालेला चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. मग तू गुडघे वाकवलेस, वेळ लागला, आणि निशाण स्वतःच वाळूवर आडवं ठेवलंस. "खलास," म्हणालीस. तुला उठवायचं मला सुचलं नाही. बाबा पार्किंगमधून धावत आले.

गाडीत बाबा म्हणाले, "चांगली माणसं आहेत गं, मानाने वागली." तू खिडकीबाहेर बघत होतीस. तशीच म्हणालीस, "त्यांनी मला पाहुणी केलं." त्यानंतर कुठल्याच शुक्रवारी तू आली नाहीस. मी दोनदा गेले, मग मीही थांबले. इंजिनिअरने घरी फुलं पाठवली, तू ती देवाला वाहिलीस आणि विषय संपला. पुढे बाबांनी नोकरी सोडली, तुम्ही दोघं कोल्हापूरला गेलात, मी लग्न होऊन इकडेच राहिले. शेवटच्या वर्षी तुझा आवाज फोनवर येतच नसे. बाबा रिसीव्हर तुझ्या तोंडाशी धरायचे आणि मी इकडून श्वास ऐकायचे. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशीचं विमान मला मिळालं.

हे सगळं मी आज का लिहिते आहे, मलाही नीट सांगता येणार नाही. हे पत्र टाकायला कुठली टपालपेटी नाही, आणि तू असतीस तर हे वाचू देण्याची माझी हिंमत झाली नसती. त्या चौघांवरचा तुझा राग शेवटपर्यंत गेला नाही हे मला माहीत आहे, आणि इतकी वर्षं मी तुझ्या बाजूने त्यांच्यावर रागावून राहिले. पण आई, त्या दिवशी वाळूत तुझ्यासमोर तलवार घेऊन मी उभी असते, तर माझाही हात उठला नसता.