भोपळा फेकायला लागलेला वेळ

पौष शु. ३, फसली १३४७
दत्तूला जाऊन आज वरीस झालं. वरीसभर माय माझ्याशी कामापुरतंच बोलते. धाकटा भाऊ माझा. पोहणं बेताचंच, म्हणून कंबरेला वाळका भोपळा बांधल्याबिगर गोदावरीच्या डोहात जाळं घेऊन उतरत नव्हता. रंगनाथ, आमचा चुलतभाऊ, नाव लिवताना बी डोस्कं फिरतं. चार लोकांत दत्तूला म्हन्ला, "भोपळा बांधून कुठं निघाला रे? मिशा काढून टाक मंग." दत्तूनं भोपळा घरी ठेवला. पौषातलं पाणी. पोटऱ्यांत गोळे आले, आन् आम्हाला दुसऱ्या दिवशी सापडला.

पौष शु. ५
रं. आज बी पारावर हसून राह्यला होता. आजून तसाच उतरतो, भोपळ्याबिगर, उपाशीपोटी, छातीभर पाण्यात. कवातरी त्याच्या बी पोटऱ्यांत गोळे येतीलच. त्याला मारायचं न्हाई. मेला तर गाव रडंल त्याच्यासाठी. मला तो भोपळ्याला कवटाळलेला पाह्यचा आहे, लोकांदेखत. एकदाच.

पौष शु. ८
भोपळा तयार. देठाजवळची चीर मेणानं बुजवली, बादलीत दाबून पाह्यला, एक बुडबुडा न्हाई. लांब दोर बांधला. माय म्हन्ली, "तू नको उतरूस रे." बिलकुल न्हाई म्हन्लं. काठावर बसतो फक्त.
रं. डोहातून वरडला, "माझी राखण करतो का गोपाळ?"
"हो दादा," म्हन्लं.

पौष शु. ११
तीन दिवस झाले बसून राह्यलो. आज आलाच न्हाई. कुंभार पिंपळगावच्या बाजाराला गेल्ता म्हणे. थंडीनं माझेच दात वाजले. फुकट.

पौष शु. १३
झालं.
जाळं खडकाला अडकलं. सोडवायला पुढं गेला आन् पाय आखडले. "गोपाळ, भोपळा टाक, जल्दी." वरच्या घाटावर पाच-सहा जण होते, त्यांना दिसत होतं, ऐकू जात नव्हतं. मी उभा. म्हन्लं, "मिशा काढता का दादा?" काढतो म्हन्ला. खाली गेला, वर आला. म्हन्लं, दत्तूचं नाव घ्या. परत खाली. वर आला तवा घेतलं नाव. ओठ निळे. मंग टाकला.
लोकांना वाटलं मी दोराचा गुंता सोडवून राह्यलो. गुंता नव्हता.
भोपळ्याला मिठी मारून रडत आला काठाला. सगळ्यांनी पाह्यलं. आज दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पौष पौर्णिमा
रं.ची बायको, वैनी, घरी आल्या. मायच्या पाया पडल्या. "तुमच्या लेकानं माझं कुंकू राखलं." मायनं त्यांना पोटाशी धरलं. नंतर मला म्हन्ली, "दत्तूच्या वेळी काठावर तू असतास तर." वरसात पहिल्यांदा माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला तिथं बसवंना.
म्हणजे रं.नं घरी काहीच सांगितलं न्हाई. का?

पौष व. २
त्याची छाती भरली. ताप हटत न्हाई. वैद्य म्हन्ले, गार पाण्यात लई वेळ राह्यला, थोडा आधी बाहेर निघाला असता तर. माझ्याकडं पाहून म्हन्ले का सहज म्हन्ले, कळलं न्हाई.
मी त्याला मारायचं ठरवलं न्हवतं. वर लिवलेलं आहे, शु. ५ ला. आज दोनदा काढून वाचलं.

पौष व. ४
राग गेला म्हणावं तर न्हाई गेला. दत्तूचा विचार आला की आजून मुठी आवळतात. पण हा जगला पायजे. त्याच्यासाठी न्हाई. माय परत माझ्याशी बोलाया लागली आहे, म्हणून. हा मेला तर ते बी जाईल.

त्याच दिवशी, दुपार
वैनी आल्यात. रं. बोलावतो म्हणे. खोलीतून सगळ्यांना बाहेर काढलं, फक्त गोपाळला धाडा म्हन्ला. श्वास लागलाय. माय म्हन्ली, "माफी मागायची असंल त्याला. जा." वैनी दारातच उभ्या आहेत, बसल्या बी न्हाईत. चला म्हणतात, वेळ न्हाई.
काठावर खरं काय झालं, ते आम्हा दोघांनाच ठाऊक. येतो म्हन्लं. एवढं लिवून निघालो.